जुन्या कॅसेटी, शांत खोली आणि विजेचं बिल

इंदूरमधल्या जुन्या मराठी घरांत, मग ते रामबागेतलं असो की लोकमान्य नगरातलं, कपाटाचा एखादा खालचा कप्पा अजून कॅसेटींनी भरलेला असतो. घरगुती बैठका, गणेशोत्सवातली गाणी, आकाशवाणीवर लागलेली मैफल रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून टिपलेली. यातलं बरंचसं बाजारात कधी आलंच नाही, त्यामुळे ते गेलं की कायमचं गेलं. दुसरीकडे रोज गाणं ऐकणाऱ्या घरात अँप्लिफायर, सेट-टॉप बॉक्स, टीव्ही, कॉम्प्युटर दिवसभर चालू राहतात आणि त्यांचा हिशेब कुणी ठेवत नाही.

ही दोन्ही कामं एकत्र करता येतात, नव्हे, एकत्रच करावीत. मूळ कॅसेट किंवा तबकडी एकदाच, पण पूर्ण काळजीने वाजवून तिची फाइल करायची आणि रोजचं ऐकणं त्या फाइलवरून, कमी विजेच्या साधनावर करायचं. घरातल्या ज्या वस्तू वीज वाया घालवतात त्यांतल्या बऱ्याचशा मुद्रणात गुणगुण आणि खरखरही घालतात. एक काढलं की दुसरं आपोआप निघतं.

आधी मोजा

प्लग आणि सॉकेटच्या मध्ये बसणारा छोटा वॅटमीटर मिळत असेल तर उत्तम. नसेल तर घरच्या इलेक्ट्रॉनिक मीटरवरही काम होतं. मीटरच्या पाटीवर ‘३२०० इम्प/किलोवॅट-तास’ असा काहीतरी आकडा छापलेला असतो. म्हणजे लाल दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. कुठे १६०० असतो, कुठे ६४००; आपल्या मीटरवरचा वाचा.

रात्री झोपण्याआधी पंखे, दिवे बंद करा, फ्रिजचा प्लग काढा, बाकी जसं आहे तसं राहू द्या. पाच मिनिटं दिव्याची लुकलुक मोजा. तो आकडा १२,००० ने गुणा आणि मीटरच्या पाटीवरच्या आकड्याने भागा. येईल तो वॅटमधला भार. ३२०० च्या मीटरवर पाच मिनिटांत १२ वेळा दिवा लागला तर ४५ वॅट. हे सगळे ‘बंद’ असलेल्या वस्तूंचे वॅट. महिन्याला ३२ युनिटं झाली. मोजून झाल्यावर फ्रिज आठवणीने लावा.

आता एकेक प्लग काढत पुन्हा मोजा. सापडतील त्या वस्तू ठरलेल्या असतात: सेट-टॉप बॉक्स ८ ते १५ वॅट, रिमोटने ‘बंद’ केला तरी जवळपास तितकेच; इन्व्हर्टरची बॅटरी भरलेली असली तरी १० ते २०; चोवीस तास चालणारा दोन डिस्कचा नेटवर्क स्टोअरेज डबा (घरभरच्या फाइली साठवणारा) १५ ते २५. मोबाइलचा रिकामा चार्जर मात्र इतकी कमी वीज खातो की त्याच्यामागे धावण्यात अर्थ नाही. सतत चालणारा १ वॅट वर्षाला ८.७६ युनिटं खातो, एवढं लक्षात ठेवलं की कशामागे लागायचं ते आपोआप ठरतं.

मध्य प्रदेशात या हिशेबाला आणखी एक धार आहे. अटल गृह ज्योती योजनेत महिन्याचा वापर १५० युनिटांच्या आत राहिला तर पहिल्या १०० युनिटांना १०० रुपयेच पडतात. १४५ आणि १५५ मधला फरक दहा युनिटांचा नसतो, सगळी सवलत जाण्याचा असतो. काठावरच्या घरात एक सेट-टॉप बॉक्स भिंतीवरच्या बटणाने बंद करण्याची सवय पुरेशी ठरू शकते.

गाण्याला लागते किती वीज

घरगुती स्पीकरच्या कागदावर ‘८८ डेसिबेल, १ वॅट, १ मीटर’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे एक वॅट दिला की एक मीटरवर ८८ डेसिबेल आवाज. अशा जोडीसमोर अडीच-तीन मीटरवर बसून ख्याल ऐकताना सुखद पातळी ६५ ते ७५ डेसिबेलची असते आणि तिला एक वॅटसुद्धा लागत नाही. तबल्याच्या एखाद्या जोरकस थापेला क्षणभर दहा-वीस वॅट लागतील, तेवढंच. म्हणजे बिल येतं ते गाण्याचं नव्हे, अँप्लिफायर नुसता चालू ठेवण्याचं.

अँप्लिफायरच्या आतल्या मांडणीच्या प्रकाराला ‘क्लास’ म्हणतात. क्लास ए अँप्लिफायर आवाज शून्यावर असतानाही १५० ते २५० वॅट ओढतो. होम थिएटर रिसिव्हर ५० ते १००, नेहमीचा क्लास एबी स्टिरिओ ३० ते ६०, वाल्वचा (काचेच्या नळ्यांचा) १०० ते २००, आणि आजचा चांगला क्लास डी ५ ते १०. रोज आठ तास ६० वॅटचा रिसिव्हर चालू ठेवला की महिन्याला १४.४ युनिटं, तेच काम ८ वॅटच्या क्लास डीने केलं तर दोनपेक्षाही कमी. आवाज कमी ठेवून वीज वाचते हा समज या पातळीवर जवळजवळ खोटा आहे. वाचते ती बटण बंद केल्याने.

म्हणून जुना चांगला अँप्लिफायर भंगारात घालायची गरज नाही. सकाळच्या कामाच्या वेळी मागे चालणाऱ्या गाण्यासाठी छोटा क्लास डी आणि रात्री बसून ऐकायचं तेव्हा जुना, अशी विभागणी करा. वाल्वच्या अँप्लिफायरला तापायला दहा-पंधरा मिनिटं द्यावी लागतात. चहापुरता तो बंद-चालू करू नका, पण जेवायला उठताना बंद करा.

छोटा क्लास डी घेताना बहुतेक तक्रारी अँप्लिफायरच्या नसतात, सोबतच्या स्वस्त अडॅप्टरच्या असतात: बारीक शिटी, किंवा दोन साधनं जोडली की येणारी गुणगुण. अडॅप्टरवर लिहिलेले अँपिअर गरजेच्या दीडपट असावेत आणि तो सिग्नलच्या वायरपासून हातभर लांब ठेवावा. जुन्या घरांत अर्थिंग कमकुवत असतं, मग अँप्लिफायरच्या पत्र्याला हात लावला की झिणझिणतं. गुणगुण घालवायला प्लगची तिसरी पिन कापणारे लोक आहेत. तसं अजिबात करू नका, जिवावर बेतू शकतं. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या.

मुद्रणाआधी खोली शांत करणं

कॅसेटची फाइल करताना हवेतून येणारा आवाज वायरमध्ये शिरत नाही, पण विजेच्या लाइनवरून येणारा शिरतो. पंख्याचे काही इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर अधल्यामधल्या आकड्यावर असताना विजेची लाट कापतात आणि ती चरचर डेकपर्यंत, म्हणजे कॅसेट वाजवणाऱ्या यंत्रापर्यंत, पोचते. पंखा पूर्ण वेगावर ठेवा किंवा बंद करा. जुन्या चोकची ट्यूब, स्वस्त एलईडी दिवा, मोबाइलचा चार्जर, सगळे बंद. फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होताना ‘टक’ असा ठोका मुद्रणात उमटतो, म्हणून एका बाजूपुरता, पाऊण तास, फ्रिज बंद ठेवला तर चालतं. मात्र गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे तो पुन्हा लावल्याशिवाय घराबाहेर पडताच येणार नाही.

सगळ्यात मोठा फरक पडतो तो लॅपटॉपचा चार्जर काढल्याने. लॅपटॉप आणि डेक दोन्ही भिंतीला जोडलेले असले की त्यांच्या अर्थिंगच्या वायरमधून फेरा तयार होतो आणि ५० हर्ट्झची गुणगुण घुसते. बॅटरीवरचा लॅपटॉप हा फेरा तोडतो. सी-९० ची, म्हणजे एकूण ९० मिनिटांच्या कॅसेटची, एक बाजू ४५ मिनिटांची, ठीकठाक बॅटरी तेवढी पुरते. मध्येच लाईट गेली आणि घर चौकोनी लाटेच्या इन्व्हर्टरवर गेलं तर ती बाजू सोडून द्या आणि नंतर पहिल्यापासून घ्या. त्या लाटेची खरखर फाइलमधून नंतर निघत नाही.

कॅसेट: एकेक पायरी

पहिली पायरी, पाहणी. खिडकीतून टेपच्या गुंडाळीची कड बघा. पांढरे ठिपके किंवा जाळीसारखी पूड दिसली तर ती बुरशी. अशी कॅसेट लावू नका. ती डेकला आणि डेकमधून पुढच्या कॅसेटींना लागते. वेगळ्या डब्यात ठेवा. मग टेप जिथे हेडला टेकते तिथे आत तांब्याच्या पट्टीवरची फेल्टची चकती आहे का ते पाहा. ती गळून पडलेली असते आणि मग आवाज दबका, हेलकावणारा येतो. कवच स्क्रूचं असेल तर एखाद्या टाकाऊ कॅसेटची पट्टी काढून बसवता येते. चिकटवलेलं असेल तर कवच सांध्यावर सुरीने हलकेच उघडून रिळं स्क्रूच्या रिकाम्या कवचात हलवावी लागतात.

दुसरी, वरच्या कडेच्या दोन्ही चौकोनी खुंट्या मोडा. चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी मग काही पुसत नाही. हे पाहणीइतकंच आधी करायचं काम आहे, आणि बहुतेक जण नेमकं हेच विसरतात.

तिसरी, टेप एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे फिरवा. वर्षानुवर्षं एकावर एक दबलेले थर सुटतात, ताण सारखा होतो. हे काम मुख्य डेकवर न करता दुसऱ्या साध्या यंत्रावर करा. सी-६० ची टेप साधारण १८ मायक्रॉन जाड असते, सी-९० ची १२, सी-१२० ची फक्त ९. सी-१२० जोरात फिरवली तर ताणली जाते किंवा रोलरला गुंडाळते, म्हणून ती न फिरवता सरळ वाजवा.

चौथी, सफाई. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, महाराणी रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक सामानाच्या दुकानांत विचारा. कापसाच्या काडीने हेड आणि धातूचा बारीक दांडा पुसा, काडी तपकिरी निघणं थांबेपर्यंत. रबरी रोलरला अल्कोहोल वारंवार लावलं तर रबर कडक होतं. तो साबणाच्या थेंबभर पाण्याने पुसून कोरडा करा. दर पाच-सहा कॅसेटींनंतर पुन्हा.

पाचवी पायरी, हेडचा कोन, आणि इथे घाई करू नका. कॅसेट ज्या यंत्रावर रेकॉर्ड झाली त्याच्या हेडचा कोन आणि तुमच्या डेकचा कोन सहसा जुळत नाही. जुळला नाही की वरच्या पट्टीतला सगळा तेज भाग जातो आणि लोक म्हणतात, कॅसेट जुनी झाली. हेडच्या एका बाजूच्या स्क्रूखाली स्प्रिंग असते. त्या स्क्रूची मूळ जागा नेल पॉलिशच्या ठिपक्याने खूण करून ठेवा. हेडफोनवर दोन्ही चॅनल एकत्र, म्हणजे मोनो करून ऐका, आणि चुंबकत्व नसलेल्या बारीक स्क्रूड्रायव्हरने अष्टमांश फेऱ्यापेक्षा कमी फिरवत जा. कान तानपुऱ्यावर ठेवा. कोन चुकलेला असताना तानपुरा नुसती घूं करतो. जुळला की जवारी (तारेची झणकार) उलगडते, खर्जाच्या तारेतून गंधार वर येताना वेगळा ऐकू येतो. तबल्याच्या चाटेवरचा ‘ता’ही त्याच जागी टणक होतो. त्या बिंदूच्या थोडं पुढे जाऊन परत या, म्हणजे खात्री पटते. प्रत्येक कॅसेटला हे नव्याने करायचं, आणि बाजू पालटल्यावरही एकदा तपासायचं.

सहावी, डॉल्बी (टेपची सरसर कमी करणारी सोय) बंद. घरी रेकॉर्ड केलेल्या फारच थोड्या कॅसेटी डॉल्बी लावून केलेल्या असतात. नसताना लावली तर आवाज दबका होतो. वेष्टनावर तशी खूण असेल तरच लावा.

सातवी, पातळी. डेकच्या लाइन-आउटमधून इंटरफेसच्या (आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणाऱ्या डबीच्या) लाइन-इनमध्ये जोडा. माइकच्या भोकात किंवा हेडफोनच्या भोकातून नको. द्रुतमधली जोरकस तान किंवा तबल्याची तिहाई शोधून तिथे पातळी लावा, सगळ्यात उंच शिखर उणे ६ डेसिबेलच्या वर जाता कामा नये. २४ बिटमध्ये, म्हणजे बारीक मोजणीत, घेतल्यावर थोडी कमी पातळी नडत नाही. जास्त झाली तर फाटलेला आवाज परत येत नाही. आपोआप पातळी सांभाळणारी सोय बंद ठेवा, नाहीतर गायक थांबला की तानपुरा फुगून वर येतो.

आठवी, २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झवर, वेव फाइलमध्ये, पूर्ण बाजू एका दमात. तासाला जवळपास १ जीबी, म्हणजे सी-९० ला दीड जीबीच्या आसपास. ९६ किलोहर्ट्झ घेतलं तर दुप्पट. मिडियम वेव्हच्या रेडिओवरून घेतलेल्या मुद्रणात ५ किलोहर्ट्झच्या वर गाण्याचा भागच नसतो, तिथे त्याचा काहीही उपयोग नाही. ऑडॅसिटी हा मोफत प्रोग्रॅम या सगळ्याला पुरतो.

वेग आणि पट्टी

कॅसेट सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या वेगाने चालायला हवी, पण जुन्या डेकचा पट्टा ढिला होतो आणि बॅटरीवर केलेलं मुद्रण मुळातच हळू झालेलं असतं. ६ टक्के फरक म्हणजे अर्धा स्वर: काळी एकमध्ये गाणारा पांढरी दोनमध्ये ऐकू येतो. गळ्याचा पोतही तेवढाच बदलतो, आणि ज्याने तो गायक समोर बसून ऐकला आहे त्याला ते लगेच टोचतं.

तपासायची पहिली खूण हार्मोनियम. तिच्या पट्ट्या ट्यूनरवर बघा. सगळ्याच सारख्या फरकाने वर किंवा खाली असतील तर तो बहुतेक वेगातला दोष. दुसरी खूण मुद्रणातच दडलेली विजेची गुणगुण. शांत तुकडा निवडून वर्णपट (कोणत्या वारंवारतेला किती आवाज ते दाखवणारा आलेख) काढा आणि १५० हर्ट्झच्या, म्हणजे ५० च्या तिपटीच्या, आसपासची रेघ पाहा. ५० पेक्षा इथे तिप्पट बारकाईने मोजता येतं. रेघ १५३ वर असेल तर टेप २ टक्के जलद चालली आहे. मात्र डेकची स्वतःची गुणगुण आधी कॅसेट न लावता रेकॉर्ड करून ओळखून ठेवा, ती सरकत नाही. आणि १९८० च्या दशकातल्या मुद्रणावर या एकाच खुणेचा भरवसा नको: त्या काळी ग्रिडची वारंवारता ४८ पासून ५१ हर्ट्झपर्यंत हलत असे. आजच्यासारखी ती ५० ला चिकटून राहत नव्हती. हार्मोनियम आणि गुणगुण दोन्ही एकच सांगत असतील तरच ‘स्पीड’ बदला. ‘टेम्पो’ नावाची सोय वापरू नका. ती लय बदलते, पट्टी तशीच ठेवते.

खरखर काढणारी सोय मूळ फाइलवर कधीच लावू नये. ती आधी तानपुरा खाते, मग स्वराच्या शेवटची आस. ऐकण्यासाठी वेगळी प्रत करून हवं ते करा.

तबकड्या

७८ च्या तबकड्या लाखेच्या असतात. त्यांना स्पिरिट किंवा अल्कोहोल लावलं की पृष्ठभाग विरघळतो, त्यामुळे कॅसेटच्या सफाईची बाटली इथे दूर ठेवा. डिस्टिल्ड वॉटरमध्ये थेंबभर सौम्य द्रव साबण, मऊ ब्रश, खाचेच्या दिशेने, आणि मधलं लेबल कोरडं. सुईही वेगळी लागते: साधारण ७० मायक्रॉन टोकाची. एलपीची सुई त्याच्या चौथाई जाडीची असते. ती रुंद खाचेच्या तळाशी घासत जाते, धूळ जास्त आणि गाणं कमी ऐकू येतं.

पण अब्दुल करीम खाँ किंवा बडोद्याच्या दरबारातले फैयाज खाँ यांच्या तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्या आणि अमीर खाँसाहेबांची १९६० ची मारवा-दरबारीची एलपी अधिकृतपणे चांगल्या प्रतीत ऐकायला मिळते. वेळ मोजका असेल तर तो प्रकाशित तबकड्यांवर घालवू नका. घरच्या मैफलींच्या कॅसेटींना आधी हात घाला. त्या फाइली घरात ठेवा. कलाकाराला किंवा त्याच्या घरच्यांना विचारल्याशिवाय इंटरनेटवर चढवू नका.

टर्नटेबल स्वतः पाचेक वॅटच घेतो. त्याच्यासाठी सुरू केलेला अँप्लिफायर आणि मग तासभर विसरलेला अँप्लिफायर, खर्च तिथे आहे.

माळव्याच्या हवेत साठवण

कॅसेटींसाठी एसी लावायची गरज नाही. इथली हवा वर्षाचे सात-आठ महिने कोरडी असते. धोका पावसाळ्याचा, जुलै ते सप्टेंबर, आणि दुसरा धोका उन्हाळ्यात आपणच आणतो: कूलर. कूलरच्या खोलीत मे महिन्यातही पावसाळ्याइतका दमटपणा होतो आणि संग्रह नेमका त्याच बैठकीच्या खोलीत असतो. कपाट दुसऱ्या खोलीत हलवा. माळ्यावरही नको, वरचं छत मे महिन्यात भट्टीसारखं तापतं. आतल्या भिंतीला लावलेलं लोखंडी कपाट, भिंतीपासून चार बोटं पुढे, आणि कॅसेटी उभ्या. स्पीकर आणि इन्व्हर्टर यांच्यापासून लांब.

प्रत्येक कप्प्यात केशरी सिलिका जेलची शंभर ग्रॅमची कापडी पुरचुंडी आणि एक छोटा आर्द्रतामापक. ६० टक्क्यांच्या खाली ठेवा. दाणे हिरवे पडले की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास ठेवून पुन्हा केशरी करा आणि थंड झाल्यावर परत ठेवा.

रोजचं ऐकणं

टीव्हीवर गाणी लावण्याची सवय सर्रास झाली आहे. ४३ इंची टीव्ही ५० ते ८० वॅट घेतो आणि काम करतो ते ५ वॅटच्या प्लेअरचं. जुना मोबाइल किंवा ३ ते ५ वॅटचा छोटा सिंगल-बोर्ड कॉम्प्युटर, त्यात फाइली, आणि पुढे क्लास डी. टीव्हीच लावायचा असेल तर सेटिंगमध्ये पडदा बंद ठेवून फक्त आवाज ऐकण्याची सोय असते का ते बघा.

ऐकण्याच्या खोलीतला खरा मोठा ग्राहक मात्र पंखा. जुना ७५ वॅटचा पंखा बारा तास चालला की महिन्याला २७ युनिटं, ३० वॅटचा बीएलडीसी (कमी विजेच्या मोटरचा) तेवढ्याच वेळात १०.८. आणि त्याची मोटर गुणगुणत नाही. विलंबित ख्यालातल्या मंद्र सप्तकाखाली सतत चालणारी ती घूं गेली की आवाज दोन खुणा कमी ठेवूनही सगळं ऐकू येतं. संगीतासाठी एकाच वस्तूवर पैसे घालायचे असतील तर आमच्या मते नवा अँप्लिफायर घेण्याआधी हा पंखा घ्यावा.

फाइली दोन वेगवेगळ्या डिस्कवर असाव्यात, एक दुसऱ्या घरी. डिस्क चोवीस तास फिरत ठेवू नका. २० वॅटचा डबा वर्षाला १७५ युनिटं खातो आणि डिस्कही झिजवतो. तीन महिन्यांतून एकदा जोडा, दहा-बारा फाइली उघडून सुरुवात, मधला भाग आणि शेवट ऐका, मग काढून ठेवा. फाइलच्या नावात कलाकार, राग, ठिकाण आणि साल असावं. कॅसेटच्या दोन्ही बाजूंचा आणि आतल्या चिठ्ठीचा फोटो त्याच फोल्डरमध्ये ठेवा. तबल्यावर कोण होतं हे बहुतेक वेळा त्या चिठ्ठीवर पेन्सिलीनेच लिहिलेलं असतं, आणि पेन्सिल कॅसेटच्या आधी पुसट होते.